कच्च्या दाढेची कीड आणि हात आवरता घेणारे उपचार

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी नवी दाढ हिरडीतून डोके वर काढते, ती पुष्कळदा पालकांच्या लक्षातच येत नाही. आधीचा एखादा दात पडून ती आलेली नसते, त्यामुळे ती दुधाचीच असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ती पहिली कायमची दाढ असते. काही मुलांची ही दाढ उगवतानाच कच्ची असते. तिच्यावर कडा स्पष्ट असलेले पांढरे, पिवळट किंवा तपकिरी डाग दिसतात आणि चावण्याचा भार पडू लागला, की डागाखालचे एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, खडूसारखे झडते. पटाशीच्या दातांवरही असेच डाग असले, तर निदान आणखी सोपे होते. जगभरातील अंदाजानुसार सात-आठ मुलांमागे एकाला हा विकार असतो.

या दाढेचे एनॅमल जन्माच्या सुमारास घडू लागते आणि पहिल्या तीन वर्षांत बहुतांशी पूर्ण होते. ते घडवणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचा साचा तयार करतात, मग प्रथिने काढून घेत त्यांच्या जागी खनिज भरतात. निरोगी एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. खनिज भरण्याचे हे काम मध्येच बिघडले, तर प्रथिने मागे राहतात आणि थर सच्छिद्र होतो. बालपणीचे आजार आणि आनुवंशिकता या दोहोंकडे संशयाने पाहिले जाते, पण कोणतेही एकच कारण सिद्ध झालेले नाही. दात बाहेर येईपर्यंत त्या पेशी नष्ट झालेल्या असतात, म्हणून झडलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. मुलाने ब्रश नीट केला नाही म्हणून दाढ अशी झाली, हा आरोप त्यामुळे अन्यायाचा आहे. उलट गार पाण्यानेही कळ येत असल्याने मूल त्या बाजूला ब्रश लावू देत नाही, आणि कीड तिथेच घर करते.

अशा दाढेवर ड्रिल चालवण्यात दुहेरी अडचण आहे. दाढेच्या आतला, नसा असलेला मज्जाभाग आधीच दाहाने संवेदनशील झालेला असल्याने भूल अनेकदा पुरती चढत नाही, आणि सच्छिद्र एनॅमलला भरणी घट्ट धरत नसल्याने तीच दाढ पुन्हा पुन्हा कोरावी लागते. अनुभवी दंतवैद्य तर ती कोरडी करतानासुद्धा हवेचा झोत टाळून कापसाचा बोळा वापरतात.

दाढेचा तुकडा अजून पडलेला नसेल आणि कीड नुकतीच सुरू झाली असेल, तर फ्लोराइडचे वार्निश आणि खाचा बुजवणारे सीलंट यांवर भागू शकते. दाढ अर्धवटच वर आली असेल, तर तिथे लाळ आवरता येत नाही. अशा वेळी ओलावा बऱ्यापैकी सोसणारे आणि दाताशी रासायनिक बंध जोडणारे ग्लास आयोनोमर सिमेंट तात्पुरते कवच म्हणून उपयोगी पडते.

कीड दातात उतरली असेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण विचारात घेतले जाते. ओठांना व्हॅसलीन लावून, दाढ कोरडी करून, बारीक ब्रशच्या टोकावरचा थेंब साधारण मिनिटभर किडीवर टेकवायचा, एवढाच हा उपचार. त्याला सुई लागत नाही. चांदी जिवाणूंना मारते, फ्लोराइड मऊ झालेल्या भागाला पुन्हा खनिज धरायला मदत करते. ३८ टक्क्यांच्या द्रावणात फ्लोराइडचे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४४,८०० भाग, म्हणजे नेहमीच्या टूथपेस्टच्या तिसाहून अधिक पट असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि हे पालकांना आधी सांगितलेच पाहिजे. माझ्या मते मागच्या दाढेवरचा काळा डाग हा किरकोळ सौदा आहे. समोरच्या दातांवर मात्र हा सौदा किरकोळ राहत नाही. चांदीची ॲलर्जी असेल किंवा दाढेतून पू येत असेल, तर हे द्रावण वापरत नाहीत.

बराच भाग झडला असेल, तर दाढेवर तयार धातूची कॅप बसवता येते. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मुळात दुधाच्या दाढांसाठी आहे: ना कोरणे, ना भूल, कीड आतच ठेवून वर सिमेंटने कॅप चिकटवायची. बाहेरून साखर मिळेनाशी झाली, की आतल्या जिवाणूंची उपासमार होते. हेच तत्त्व वापरून कच्च्या कायमच्या दाढेवरही कॅप बसवतात, विशेषतः मोठेपणी पक्के काम करण्याआधीची वर्षे निभावून नेण्यासाठी.

काही दाढा मात्र यानेही वाचत नाहीत. तेव्हा अशी दाढ साधारण आठव्या ते दहाव्या वर्षी, मागच्या दाढेची मुळे फुटू लागल्याचे एक्स-रेमध्ये पाहून काढली, तर अजून हिरडीखालीच असलेली ती दुसरी दाढ पुढे सरकून रिकामी जागा बऱ्याच अंशी भरून काढू शकते.