काळजी घेणं, काळजी करणं : आजारपणाच्या मराठी कवितेची पार्श्वभूमी

अतिदक्षता विभागाचं दार रात्री अडीचला किलकिलं होतं आणि आतून हाक येते, "नऊ नंबरचे नातेवाईक?" बाकावरची सहा-सात माणसं एकदम ताठ होतात. ज्याचा नंबर असतो तो चपला शोधत उठतो, बाकीचे पुन्हा भिंतीला टेकतात. त्या हाकेत पेशंटचं नाव नसतं आणि उठणाऱ्याचंही नसतं.

आजाऱ्याच्या वेदनेची कविता आपल्याकडे जुनी आहे. गेलेल्या माणसाच्या शोकाची तर फारच जुनी. पण निदान झाल्यापासून शेवट होईपर्यंत किंवा बरं वाटेपर्यंत जो मधला काळ असतो, पथ्यपाण्याचा, जागरणांचा, चादरी बदलण्याचा, त्याला लिखित कवितेत स्वतःचं रूप मिळायला विसावं शतक बरंच पुढे सरकावं लागलं. बाकावरून उठणारा माणूस कवितेत उशिरा आला, तो का आणि कोणत्या वाटेने, एवढंच इथे पाहायचं आहे.

रसचर्चा वाचकांना ठाऊक आहे, ती उगाळत नाही. नोंदवण्यासारखं एवढंच की नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी, म्हणजे येत्या-जात्या, भावांत 'व्याधी' हा एक भाव आहे. तो सांगताना ज्वराचे दोन प्रकार केलेत, थंडीचा आणि दाहाचा. नटाने कापायचं आणि शेकोटीकडे सरकायचं, की हातपाय झाडून गारवा मागायचा, हे त्यावरून ठरतं. इतकं बारीक निरीक्षण आजाऱ्याचं. शेजारी बसणाऱ्यासाठी मात्र वेगळा खण नाही. श्रम, चिंता, शंका, निद्रा असे सुटे भाव आहेत, त्यांतून तो जुळवून घ्यायचा. पुढे व्याधी प्रेमिकांच्या दहा दशांमध्ये जाऊन बसली आणि काव्यातला ताप बराच काळ विरहाचाच राहिला.

संतांनी आजाराला 'भवरोग' केलं, म्हणजे रूपक केलं. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकातला सहावा समास मात्र वाचण्यासारखा आहे. आध्यात्मिक ताप, म्हणजे स्वतःच्या देहामनातून उठणारा त्रास, समजावताना तिथे खरूज, खवडे, नारू, देवी, गोवर अशी रोगांची रांगच लागते. उपमा नाही, हळहळ नाही, नुसती नावांमागून नावं. वाचणाऱ्याला धाप लागते. यादी हेच तंत्र, आणि ते पुढे तीनशे वर्षांनी दवाखान्याच्या कवितेत परत येतं. पण त्या समासातही रोग्याचं करणारं माणूस कुठे दिसत नाही. सगळी वाट वैराग्याकडे जाते.

अपवाद जात्यावरच्या ओव्यांचा. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून १९८०च्या दशकापासून त्या पद्धतशीर गोळा होऊ लागल्या आणि आज एका मोठ्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. इतका ऐवज असूनही आजारपणाच्या ओव्या पटकन सापडत नाहीत, कारण बहुतेक संग्रहांत त्या आई, बाप, भाऊ, लेक अशा नात्यांखाली लावलेल्या असतात. लावणाऱ्यांची यात चूक म्हणता येणार नाही. म्हणणारीच्या लेखी तो 'आजार' हा विषय नव्हता, ती आई होती.

ओवीची घडण इथे कामाची आहे. दोन ओळी, प्रत्येक ओळ मध्ये तुटलेली, आणि तुटते तिथे 'बाई' किंवा 'सये' असं काहीतरी भरलेलं. खुंटा ओढताना श्वास जिथे संपतो, तिथे ओळ थांबते. मुद्दा दाखवण्यापुरत्या दोन ओळी मीच जुळवल्या आहेत, त्या कुठल्या संग्रहातल्या नाहीत:

पहाटंच्या पारी बाई, जातं घरघर वाजतं
माय माझी कन्हती गं, माझ्या दळणात बुजतं

पहिल्या ओळीत नुसतं जातं आहे. दुसऱ्या ओळीत कळतं की त्याचा आवाज लेकीला हवा आहे, कारण त्याखाली आईचं कन्हणं ऐकू येत नाही. आणि ऐकू न आलेलं तिला बरं वाटतंय, हे ती म्हणत नाही. अपराधीपणाचा उल्लेख न करता तो यमकात ठेवायचा, हे या जातीच्या रचनेला सहज जमतं. जात्यासमोर बोलायचं, घरात नाही, हा संकेतही मदतीला असतो.

देवीच्या साथींबद्दल एक ओळ. रोगालाच 'देवी' म्हणायचं, ती 'आली' म्हणायचं, उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवायचा आणि तिला मान द्यायचा. करणाऱ्या बाईला रोगावर चिडायचीसुद्धा मुभा नव्हती. आदरार्थी भाषेमागे दाबलेला राग ऐकायचा कान असेल तर देवीची गाणी वेगळी लागतात.

१८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला. १८५४मध्ये कवितासंग्रह छापणारी एक शिक्षिका १८९७च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांचं करता करता त्याच रोगाने गेली, हे शाळेतलं पोरही सांगेल. मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, आणणारा कवी १९०५मध्ये हुबळीला प्लेगनेच गेला. मृत्यू इतका जवळ होता, तरी त्या काळातली छापील कविता खाटेजवळ फारशी थांबत नाही. ती थेट विलापिकेकडे, गेलेल्याच्या शोकाच्या कवितेकडे, जाते. वृत्तांचाही यात हात असावा. मंदाक्रांता घ्या. १७ अक्षरं, चार-सहा-सात असे थांबे. आधी चार गुरू, मग पाच लघू धावत येतात आणि एका गुरूवर आदळतात. हुंदका दाबला की असाच सुटतो. 'वृत्त ते मंद चाले' हे आपण पाठ केलं ते उगाच नाही. पण हुंदका एकदाचा असतो. सलग आठ महिने रोज सकाळी सहाला गोळी द्यायची, त्याला मंदाक्रांता फार देखणी पडते.

त्या पिढीतली एक कविता मात्र उंबरठ्यावर उभी आहे. 'राजहंस माझा निजला'. मांडीवरचं मूल गेलंय हे सगळ्यांना दिसतंय आणि आई म्हणते निजलाय. ध्रुवपद परत परत येतं, आणि प्रत्येक वेळी तेच शब्द जास्त खोटे होत जातात. तिचा कवी स्वतः १९१९मध्ये क्षयाने गेला. क्षय हे तेव्हा वर्षानुवर्षं चालणारं दुखणं होतं. हवापालटाला मिरजेला किंवा पाचगणीला न्यायचं, ताटवाटी वेगळी ठेवायची, वाट पाहायची. त्यावरचं पहिलं खरं औषध १९४३मध्ये हाती लागलं.

आता शब्दांचा गुंता, ज्यावर कवितेची माणसं आणि रुग्णांसाठी काम करणारी माणसं दोघंही अडतात. या माणसाला म्हणायचं काय?

घरात कुणी त्याला नावाने हाकच मारत नाही, क्रियापदाने सांगतात. "सासूचं सगळं तिनेच केलं." "बापाचं करायला कोणी नाही." काय केलं, ते बोलायचं नसतं. 'करणं' या बिनरंगी क्रियापदाखाली हगणं-मुतणं, भरवणं, अंग पुसणं, शिव्या खाणं सगळं झाकलं जातं. 'उस्तवार' हा जुना शब्द जवळ जातो, पण त्यात किंचित कुरकुर आहे. 'सेवा' म्हटलं की आरती लागते. 'सेवा' म्हणणारे बहुधा स्वतः रात्री जागत नसतात, असा माझा अनुभव आहे.

'शुश्रूषा' या शब्दाचं मूळ 'श्रु' धातूत आहे. ऐकण्याची इच्छा, हा त्याचा पहिला अर्थ. मग गुरूचं ऐकणं, त्यावरून गुरूची चाकरी, त्यावरून रोग्याची. म्हणजे शब्दाच्या पोटात कान आहे. कवितेच्या दृष्टीने याहून चांगला शब्द शोधून सापडणार नाही, पण तो आता सरकारी पाटीवर 'शुश्रूषागृह' होऊन बसलाय आणि घरात कोणी उच्चारत नाही.

मग 'केअरगिव्हर' या बाहेरच्या संज्ञेला प्रतिशब्द हवा म्हणून 'काळजीवाहक' आला, काही ठिकाणी 'काळजीवाहू'. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या माणसाची व्याख्या झाली, घरचा असो वा बाहेरचा, पैसे घेणारा असो वा न घेणारा. त्यामुळे अनुवादकांना शब्द ठरवणं भागच पडलं. अडचण अशी की 'काळजीवाहू' वर्तमानपत्रांनी आधीच वापरून टाकलाय. काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणजे नवा शपथ घेईपर्यंतचा. बारा वर्षं नवऱ्याचं अंथरूण बदलणाऱ्या बाईला तो शब्द लावा आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहा. 'वाहक' तर एसटीत तिकिटं देतो.

तरी मी स्वतः या नव्या शब्दाला अगदी टाकाऊ म्हणणार नाही, ते त्यातल्या पहिल्या पदामुळे. 'काळजी' मराठीत दोन क्रियापदांबरोबर दोन अर्थ देते. काळजी घेणं हे काम, काळजी करणं हा जाच. एकच नाम, आणि "काळजी करू नकोस, काळजी घे" हे वाक्य आपण रोज सहज बोलतो. आजारपणाच्या कवितेतला सगळा ताण या श्लेषात तयार मिळतो. शिवाय शेजारी 'काळीज' उभंच. पण शब्द ठरवणाऱ्यांनी नेमका त्यालाच 'वाहक' जोडून श्लेष मारून टाकला. वाहतो म्हटलं की ओझं तेवढं उरतं.

'विलापिका' या संज्ञेचाही असाच पेच आहे. विलापिकेला मृत्यू लागतो. माणूस जिवंत आहे, पण लेकीला ओळखत नाही, तेव्हाच्या कवितेला संपादक 'करुण' म्हणून मोकळे होतात.

१९३०च्या दशकात मुक्तछंद आला तेव्हा भांडण यमकावरून झालं. आजारपणाच्या कवितेला खरा फायदा झाला तो ओळ कुठेही तोडता येण्याचा आणि कोरी जागा सोडता येण्याचा. त्याची तयारी त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं होत होती, कारण स्वल्पविराम, अपसारणचिन्ह (ती आडवी रेघ) ही मंडळी मराठीत एका इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुजवली. त्याआधी मराठीत गप्प बसणं छापण्याची सोय नव्हती. पुढे १९४०च्या दशकातल्या नव्या कवितेने यंत्राची, शहराची, दवाखान्याची भाषा बिनदिक्कत आत घेतली. सलाईन, रिपोर्ट, कॅथेटर, डायपर हे शब्द नंतर आले, पण दार तेव्हाच उघडलं होतं.

वडिलांच्या आजारपणात माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. वेळ, गोळी, किती प्यायले, किती लघवी. तीन महिन्यांनी ती वाचताना लक्षात आलं की शेवटच्या रकान्यात मी आकड्यांऐवजी वाक्यं लिहायला लागलो होतो. इथे वहीतली नोंद देत नाही, पण तो साचा कवितेत कसा उतरतो याचा नमुना म्हणून पुन्हा घरच्याच ओळी:

६.०० — गोळी, अर्धी
६.२० — ओकली. परत अर्धी?
७.०० — "तू कोण गं?"
७.०१ —

ओवीत जे यमक करत होतं, ते इथे सात वाजून एक मिनिटाची रिकामी जागा करते. हा रोजनिशीचा साचा गेल्या तीसेक वर्षांत इतका वापरला गेलाय की आता तो थोडा गुळगुळीतही झालाय. वेळ लिहिली की कविता होते असं वाटणारे बरेच आहेत.

त्याहून बारीक काम व्याकरणात होतं. मराठीत 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट आम्ही. नर्स म्हणते, "आज आपण जेवलो नाही का?" त्या 'आपण'मध्ये ती नसते. चांगला कवी हे वाक्य नुसतं उचलून ठेवतो. तसंच संबोधन. जन्मभर 'अहो अण्णा, तुम्ही' म्हटलेल्या बापाला एके दिवशी भरवताना "आ कर, कर ना" निघून जातं. 'तुम्ही'चा 'तू' झाला ती ओळ म्हणजे सबंध कविता, पुढे काही लिहायची गरज नसते. आणि 'वत' लागलेली ती क्रियापदं. त्याच्याने उठवत नाही, मला बघवत नाही. एकाचं शरीर थकलंय, दुसऱ्याचं मन. व्याकरणाने दोघांना एकाच रूपात बसवलंय, म्हणून कोण आजारी हे दोन कडव्यांनंतर सांगता येईनासं होतं. ध्रुवपदाचंही तेच. कवितेतलं पालुपद आणि "तेच काय पालुपद लावलंयस" मधलं पालुपद एकच आहे, हे विस्मृतीच्या आजारावर लिहिणाऱ्यांनी ओळखलं. गझलेची रदीफही यासाठी वापरली जाते. प्रत्येक शेराच्या शेवटी तोच प्रश्न, विचारणाऱ्याला पहिल्यांदाच सुचलेला.

२०२०-२१च्या कोविडने यात एक उलटापालट केली. खाटेजवळ बसणं हीच या कवितेची जागा होती, आणि तेव्हा खाटेजवळ जाताच येत नव्हतं. डबा फाटकावर ठेवायचा, आत कोण नेतो ते ठाऊक नाही. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या तेव्हाच्या रचनांमध्ये हळवेपणाचा पूर होता, तो ओसरलाही. मला लक्षात राहिलाय तो प्रकार म्हणजे नुसत्या आकड्यांच्या ओळी, एकाखाली एक. ९६. ९४. ९१. ८८. दाखल्याला शब्द नाही, ओळीला शेवट नाही. दुसऱ्या लाटेत घरात बसून ज्यांनी बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा दर अर्ध्या तासाने फोनवर ऐकला, त्यांना ती कविता पूर्ण वाटते. आणखी वीस वर्षांनी छापताना संपादकाला त्याखाली टीप द्यावी लागेल की ९४च्या खाली गेलं की गाडी शोधायला लागायचे.