स्तनाग्रे दुखणे : स्तनपानाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतील

बाळ अंगावर पिऊ लागल्यावर पहिल्या काही दिवसांत आईच्या स्तनाग्रांची, म्हणजे घरगुती बोलीत बोंडांची, होणारी आग, ठणका आणि त्यातून पुढे पडणाऱ्या चिरा. ही तक्रार बहुतेक बाळंतिणींना कमी-अधिक प्रमाणात होते. पहिलटकरणीला जरा जास्त. दुखणे साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि आठवडा-दहा दिवसांत बऱ्याच जणींचे ते सौम्य होते. बाळाला वरचे दूध लवकर सुरू होण्यामागे जी कारणे वारंवार दिसतात त्यांत हे एक ठळक कारण आहे. ‘तिला दूधच येत नाही’ असे घरात सांगितले जाते तेव्हाही पुष्कळदा आधी दुखण्यामुळे पाजणे कमी झालेले असते, आणि पाजणे कमी झाले की दूध खरोखरच आटू लागते.

दुखण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. बाळ तोंड लावताच पहिला अर्धा-एक मिनिट जोराची ओढ जाणवते, दात-ओठ आवळावेसे वाटतात, मग पान्हा सुटतो आणि दुखणे ओसरते. हा पहिल्या आठवड्यातला प्रकार सहसा काही न करता जातो. याउलट पिणे चालू असेपर्यंत दुखत राहिले, पाजायची वेळ जवळ आली की धास्ती वाटू लागली, बोंडाला चीर पडली, खपली धरली किंवा रक्त आले, तर ते ‘पहिल्यांदा होतेच, सोसायचे असते’ या सदरात मोडत नाही. दुर्दैवाने घरातल्या अनुभवी बायका दोन्हींना एकच उत्तर देतात.

या दुसऱ्या प्रकारामागे बहुतेक वेळा एकच कारण असते : बाळाची पकड उथळ असणे. पकड चांगली असली की बोंड बाळाच्या तोंडात खोलवर, टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो त्याच्या जवळपास पोचते. तिथे ते कशालाही घासत नाही. बाळाची जीभ खालून बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळाला आधार देते, जबडा खाली गेला की तोंडातली पोकळी वाढते आणि दूध ओढले जाते. पकड उथळ असेल तर तेच बोंड जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये दर घोटाला चिरडले जाते. नवजात बाळ दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पिते, त्यामुळे एका दिवसात चीर पडायला एवढे पुरते. निदानाची खूण सोपी आहे. पिऊन झाल्यावर बाहेर आलेले बोंड गोल नसून वापरलेल्या लिपस्टिकच्या टोकासारखे तिरके चपटे दिसले, किंवा त्याच्या टोकावर पांढरी रेघ उमटली, तर पकड चुकली आहे असे समजावे.

पकड कशी तपासावी याच्या चार खुणा भारतातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात शिकवल्या जातात. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी आणि काळसर वर्तुळ बाळाच्या तोंडाच्या वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी दिसावे. शेवटची खूण सर्वांत उपयोगाची, कारण बाकीच्या तीन आईला वरून पाहताना नीट दिसत नाहीत. शेजारी बसलेल्या तिच्या आईने किंवा बहिणीने मोबाइलवर बाजूने फोटो काढून दाखवला तर सोपे जाते.

पकड सुधारायची ती बाळाच्या शरीरापासून. बाळाचे डोके, पाठ आणि कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेले आणि नाक बोंडासमोर असावे. मान वळवून पिणाऱ्या बाळाची पकड टिकत नाही; कुणीही मोठ्या माणसाने खांद्यावर मान वळवून पाण्याचा घोट घेऊन पाहावा. वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श झाला की बाळ आ करते. तोंड पूर्ण उघडेपर्यंत थांबावे आणि मग हनुवटी आधी टेकेल अशा बेताने बाळाला झटकन जवळ घ्यावे. आपल्याकडच्या बाळंतिणी नेमके उलटे करतात : पलंगाच्या कडेला वाकून बसतात आणि स्तन दोन बोटांत धरून बाळाच्या तोंडापर्यंत नेतात. त्यात पाठ तर जातेच, शिवाय काही मिनिटांत हात दमला की पकड निसटून टोकावर येते. भिंतीला टेकून, मांडीवर उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवून बसावे. उजव्या बाजूला पाजताना बाळाचे अंग डाव्या हातावर आणि मान डाव्या पंजात धरली, तर पहिल्या आठवड्यात बाळाच्या डोक्यावर सर्वांत चांगला ताबा राहतो. सिझेरियन झालेल्या बाईला बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन, किंवा कुशीवर झोपून पाजणे सोसते. टाक्यांवर भार येत नाही. पकड दुखरी वाटली तर बाळाला तसेच ओढून काढू नये. करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवून आधी ओढ तोडावी आणि पुन्हा लावावे. तीनदा लागले तर तीनदा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी यात आणखी एक अडचण येते. चीक संपून दूध भरू लागते, स्तन दाटतात, काळसर वर्तुळ ताठ होते आणि काल नीट पिणाऱ्या बाळाला आज ते तोंडात धरता येत नाही. अशा वेळी पाजण्यापूर्वी बोटांची टोके बोंडाच्या मुळाशी सभोवार ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेने हलके दाबून धरावे. वर्तुळातली सूज मागे सरते आणि तेवढ्या वेळापुरता भाग मऊ होतो. थोडे दूध हाताने पिळून काढले तरी चालते. हा दिवस बहुतेकींच्या बाबतीत नेमका रुग्णालयातून घरी सोडण्याच्या सुमारास येतो. साध्या बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात ४८ तास ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे परिचारिका आईला पाहते ते दुखण्याच्या आधीचे दिवस, आणि दुखणे शिगेला पोचते तेव्हा आई माहेरच्या मागच्या खोलीत असते.

आराम देणारे उपाय : यांची यादी मोठी आहे आणि बाजारात रोज वाढते आहे. पण पकड दुरुस्त न करता लावलेले कोणतेही मलम पुढच्या पाजण्याला निष्फळ ठरते. कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून काढलेला मेणासारखा स्निग्ध पदार्थ), ग्लिसरीन जेलच्या पट्ट्या किंवा औषधी मलम यांपैकी काहीही ठामपणे सरस ठरले नाही. काही न लावणे किंवा आईचेच दूध लावणे अल्पकाळाच्या आरामासाठी निदान तितकेच चांगले दिसले. सर्वांत स्वस्त उपाय म्हणून तोच आधी करावा. पाजून झाल्यावर दुधाचे दोन-चार थेंब पिळून बोंडावर पसरावेत आणि वाऱ्यावर सुकू द्यावेत. ज्यांना चिरेवर ब्लाऊज चिकटतो त्यांना शुद्ध केलेल्या वैद्यकीय लॅनोलिनचा पातळ थर बरा वाटतो. तो पाजण्यापूर्वी पुसावा लागत नाही. पाजून झाल्यावर स्वच्छ कोमट पाण्याची ओली पट्टी काही मिनिटे ठेवल्यानेही ठणका कमी होतो. दुखणे फार असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन नेहमीच्या मात्रेत पाजणाऱ्या आईला चालते, आणि पाजण्याच्या अर्धा तास आधी घेतलेल्या गोळीचा उपयोग अधिक होतो.

महाराष्ट्रातल्या घरांत पहिला हात जातो तो तुपाकडे, कोकण-गोव्यात खोबरेल तेलाकडे. स्वच्छ, ताजे, बोटभर लावले तर दोन्हींनी कातडी मऊ राहते आणि बाळाच्या पोटात थोडे गेले तरी बिघडत नाही. शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा फेटून धुतलेले तूप, आयुर्वेदात भाजणे आणि दाह यांसाठी सांगितले आहे. तेही याच कामी वापरतात. मध मात्र लावू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि चाटण असो वा बोंडावरचा लेप, बाळाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. हळदीची पूड, अँटिसेप्टिक क्रीम, पुदिन्याच्या अर्काची मलमे याही गोष्टी टाळाव्यात. साबणाने बोंड धुण्याची सवय तर सोडलीच पाहिजे : काळसर वर्तुळावर दिसणारे बारीक उंचवटे ही तेलग्रंथींची तोंडे असतात, त्यांचे तेल त्वचेचे रक्षण करते आणि साबण तेच काढून टाकतो. आंघोळीचे पाणी पुरते. ओले झालेले पॅड लगेच बदलावे, आतला कपडा सुती असावा, आणि खोलीत कुणी नसेल तेव्हा काही वेळ नुसता मऊ पदर घेऊन बसावे. बाळंतिणीला चारी बाजूंनी गुंडाळून ठेवण्याच्या आपल्या रीतीत ही एकच गोष्ट बसवायला कठीण जाते.

जुने काही सल्ले आता पूर्ण बाद झाले आहेत. गरोदरपणी खरखरीत टॉवेलने घासून बोंडे ‘तयार’ करणे, स्पिरिट लावून कातडी राठ करणे, पहिल्या दिवशी प्रत्येक बाजूला मोजून दोन-चार मिनिटेच पाजणे, यांपैकी कशानेही दुखणे टळत नाही. वेळ कमी केल्याने ते फक्त काही दिवस पुढे ढकलले जाते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चिरा पडलेल्या बोंडांवर घालायच्या शिशाच्या टोप्या विकल्या जात. त्या बाळांना विषबाधा करत. आज त्याच घाटाच्या चांदीच्या वाट्या ऑनलाइन मिळतात. त्या निर्धोक असल्या तरी त्यांच्या किमतीत स्तनपान सल्लागाराची एक भेट होऊ शकते, आणि आईने पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथे करावेत.

एका बाजूला फारच दुखत असेल तर कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करावी. भुकेले बाळ पहिल्या घोटांना जोर लावते. दोन्हीकडे असह्य झाले तर एक-दोन दिवस दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्यावे. जुन्या घरांतले बोंडले याच कामाचे, पण त्याची चोच आतून नीट घासता येत नाही, म्हणून उघडी वाटी बरी. काढायचे थांबवू मात्र नये, नाहीतर दूध साचून गाठी होतात. पंप वापरत असल्यास त्याचा फनेल बोंडाच्या मापाचा हवा. जास्त ओढीवर ठेवलेला पंप स्वतःच चिरा पाडतो. चिरेतले थोडे रक्त बाळाच्या पोटात गेले तर अपाय होत नाही, फक्त उलटी गुलाबी किंवा शी काळपट दिसून घरचे घाबरतात. अपवाद आहेत : आईला एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस सी असेल आणि बोंडातून रक्त येत असेल तर त्या बाजूने पाजणे थांबवून लगेच डॉक्टरांना विचारावे.

चपटी किंवा आत वळलेली बोंडे असलेल्या आयांना पकड जमायला वेळ लागतो. त्यांच्यासाठीचा एक स्वस्त उपाय भारतातच निघाला. कर्नाटकातल्या दावणगेरेच्या बालरोगतज्ज्ञांनी १९९३ मध्ये साध्या डिस्पोजेबल सिरिंजचा वापर प्रसिद्ध केला : सुईकडचे निमुळते टोक कापायचे, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि मूळची गुळगुळीत कड छातीला लावून दट्ट्या हलके मागे ओढायचा. कापलेली कड कधीच कातडीला लावायची नाही, आणि चीर पडलेल्या बोंडावर हा प्रयोग करायचा नाही.

मदत कुठे मिळते, याचे महाराष्ट्रापुरते उत्तर बरे आहे. स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभर काम करणाऱ्या बीपीएनआय या संस्थेची स्थापना ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यावर बेतलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. पहिल्या दोन भेटी दुखण्याच्या ऐन दिवसांत पडतात. पण पुष्कळ ठिकाणी त्या बाळाचे वजन आणि ताप पाहण्यातच संपतात. आशाताईला ‘एकदा पाजताना बघता का?’ असे आईनेच म्हणावे. तिला ते शिकवलेले असते. बाळंतीण माहेरी गेली असेल तर माहेरच्या गावच्या आशाताईला कळवावे लागते.

पकड नीट असूनही दुखत राहिले तर इतर कारणे शोधावी लागतात. बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड असला तर जीभ पुढे येत नाही. पिण्यात खरोखर अडथळा होत असेल तरच तो कापतात. बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे थर आणि आईच्या बोंडावर चकचकीत लाली, खाज व पाजल्यानंतरही राहणारी जळजळ असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर आई आणि बाळ दोघांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. बोंड पाजून झाल्यावर पांढरेफटक, मग निळसर, मग लाल होत असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसत आहेत. थंडीत आणि एसीच्या खोलीत हे वाढते. बाळाने सोडताच गरम कोरडा कपडा लावला तर थांबते. आपल्या शेकण्याच्या पद्धतीचा इथे खरा उपयोग आहे, मात्र कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नये.

चिरेभोवती पिवळी खपली किंवा पू, स्तनावर लाल गरम पट्टा, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप आणि अंगदुखी ही स्तनदाहाची (स्तनाला सूज व संसर्ग होण्याची) लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्तनदाहात पाजणे बंद करण्याची गरज नसते, आणि अँटिबायोटिक द्यावे लागले तर पाजताना चालणारे मिळते. एकाच बाजूच्या बोंडावर इसबासारखा खवलेदार चट्टा आठवडे उलटूनही भरून येत नसेल, तर तो पाजण्यामुळे झाला असे गृहीत न धरता स्तनतज्ज्ञाला दाखवावा. क्वचित तो स्तनाच्या पॅजेट रोगाचा, म्हणजे कर्करोगाच्या एका प्रकाराचा असतो.