तिसरीचे पहिले पंधरा दिवस

तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले खायचे शिंपले, साफ करायला बसली की आजी तोंड वासलेल्या आधी बाजूला काढायची आणि एकेकीवर टिचकी मारायची. मिटली तर टोपात, नाही मिटली तर मागच्या उकिरड्यावर. मेलेली तिसरी कालवणात गेली तर घरभर पोटं बिघडतील, एवढाच तिचा हिशेब होता. पण या प्राण्याच्या जगण्याचं सगळं तंत्र त्या एका टिचकीत दिसतं. दोन शिंप्या, त्यांना मागून जोडणारी लवचीक बिजागरी आणि आतून ओढून धरणारे स्नायू. बिजागरी शिंप्या उघडायला बघते, स्नायू त्या मिटून धरतात. जीव गेला की स्नायू सैल पडतात आणि दार उघडंच राहतं.

कोकणातल्या खाडीत राहायचं तर दार मिटता आलंच पाहिजे. मे महिन्यात जवळपास समुद्राइतकं खारं असणारं पाणी जुलैत चार दिवस संततधार लागली की पार गोडं होऊन जातं. अशा वेळी तिसऱ्या, त्यांचीच भावंडं असलेले मुळे आणि खडकाला चिकटलेली कालवं शिंप्या घट्ट मिटतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि बाहेरच्या प्राणवायूवाचून तग धरतात. भरतीबरोबर खारं पाणी आलं की दार पुन्हा किलकिलं होतं.

दार कायमचं मिटून मात्र चालत नाही, कारण अन्न बाहेर आहे. पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवर गाळायचं आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खायचं, हा यांचा दिवसभराचा उद्योग. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं. म्हणून कालवांनी भरलेला खडक म्हणजे खाडीची गाळणीच. पण गाळणीत गाळ साठतो. सांडपाण्यातले जंतू, शिसं, कॅडमियम, पारा, सगळं त्यांच्या मांसात जमत जातं. याच गुणावरून १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने सुचवलं होतं की किनाऱ्याचं प्रदूषण मोजायला शिणाण्यांचं, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या लांबट शिंपल्यांचं, मांसच तपासावं. घरच्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो: नीट शिजवलं की बहुतेक जंतू मरतात, जड धातू मात्र उकळून जात नाहीत. खाडी कशी आहे, यावरच तिसरी किती निर्धोक ते ठरतं.

मोठ्या तिसरीला मिटायला दार तरी आहे. तिच्या पिल्लांना सुरुवातीला तेही नसतं, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. त्यातून निघालेली डोळ्यांना न दिसणारी पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्याबरोबर वाहत असतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यांना आपली पहिली शिंपी घडवावी लागते, तीही अंड्यातून मिळालेल्या तुटपुंज्या शिदोरीवर. पश्चिम किनाऱ्यावरची हिरवी शिणाणी तर पावसाळ्यात आणि त्याच्या मागेपुढेच अंडी सोडतात. म्हणजे पाणी सर्वांत जास्त बदलतं, तोच हा नाजूक काळ.

या काळात घाव बसला की काय होतं, ते फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात दिसलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कालवांची पिल्लं रुजेनाशी झाली आणि मोठ्यांच्या शिंप्या वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या. दोष निघाला होड्यांच्या तळाला लावायच्या रंगात, त्यातल्या ट्रायब्युटिल टिन या विषात. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान होड्यांवर हा रंग बंद केला आणि काही वर्षांत कालवांची पैदास सावरली.

हवामानबदलाचा घाव मात्र एका रंगावर बंदी घालून थांबणारा नाही. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्याचं पाण्यात आम्ल बनतं आणि शिंपी घडवायला लागणारं कार्बोनेट त्या आम्लात खर्ची पडतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. फरक दिसायला चिमूटभर, पण मोजपट्टीच अशी आहे की आम्लता त्यामुळे सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर २००७ च्या सुमारास कालवांच्या बीजकेंद्रात पिल्लं मरू लागली. खोल समुद्रातलं आम्लधर्मी पाणी वर येत होतं, हे मागाहून उमगलं. तिथल्यांनी पाण्याचा सामू सतत मोजायला घेतला, पाण्यात सोडा मिसळला आणि केंद्र वाचवलं. उघड्या खाडीत सोडा मिसळता येत नाही.

आपल्याकडे यात आणखी दोन भर पडतात. एक म्हणजे पाऊस. तो थोड्या दिवसांत धो धो कोसळला की गोडं पाणी आणि डोंगरउतारावरची माती एकदम खाडीत उतरते. गाळाने कल्ले तुंबतात आणि मिटलेलं दार किती दिवस मिटून ठेवायचं, हा प्रश्न उभा राहतो. दुसरं कारखान्यांचं पाणी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीखालच्या दाभोळ खाडीत मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत. मेलेला मासा तरंगतो, म्हणून निदान कळतं तरी. चिखलातली तिसरी मेली तर कोणाला दिसत नाही, आणि वाहती पिल्लं मेल्याचं कळतं ते पुढच्या मोसमात, टोपली रिकामी आली की.

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ओहोटीला कोयता घेऊन कालवं काढणाऱ्या बाईला ती लागू नाही, आणि बाहेरून तिच्यावर अशी बंदी लादावी असं मी म्हणणारही नाही, कारण घर त्यावर चालतं. पण केरळातल्या अष्टमुडी कायलात, म्हणजे समुद्राला जोडलेल्या सरोवरात, काय घडलं, ते पाहण्यासारखं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथलं तिसऱ्यांचं उत्पन्न घसरलं, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवायचं ठरलं, जाळ्याच्या आसावर (छिद्रांच्या मापावर) आणि तिसरीच्या आकारावर बंधनं आली. २०१४ मध्ये शाश्वत मत्स्यव्यवसायाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारा तो भारतातला पहिला व्यवसाय ठरला. आपल्या कोकणात भाट्ये, काळबादेवी, आचरा इथल्या बायकांना आपल्या खाडीत बी कधी धरतं ते ठाऊक असतं. बंद ठेवायचे दिवस त्यांनाच विचारून ठरवले तर पाळले जातील.

आणि उकिरड्यावरच्या त्या शिंप्या. पूर्वी त्या भट्टीत भाजून चुना करत, आता नुसत्या पडून राहतात. वाहून वाहून पिल्लू थकलं की पाय बाहेर काढून जागा चाचपतं. कालवाचं पिल्लू चिकटायला जुनी शिंपी पसंत करतं, कारण इथे आपल्या जातीचं कोणीतरी जगलं होतं, याची रासायनिक खूण तिच्यावर असते. चिखलात मिसळलेला शिंप्यांचा चुरा हळूहळू विरघळताना भोवतालची आम्लताही थोडी मारतो. अमेरिकेच्या मेन राज्यात चिखलात असा चुरा पसरल्यावर तिसऱ्यांची जास्त पिल्लं रुजल्याचं आढळलं. उन्हात वर्षभर वाळलेल्या, स्वच्छ शिंप्यांची पाटी पावसाळा सरता सरता ओहोटीच्या रेषेवर ओतायला फार तर अर्धा तास लागतो. आजी असती तर तिने टिचकी मारून बाजूला टाकलेल्या शिंप्यासुद्धा वाळवून त्याच पाटीत गेल्या असत्या.