फडक्यावरचे युरेनियम

सेंट्रीफ्यूजच्या (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांच्या) कारखान्यात पाइपांची जोडणी कितीही घट्ट असली, तरी युरेनियम हेक्झाफ्लोराइड वायू थोडाफार निसटतोच. हवेतल्या बाष्पाशी त्याची लगेच अभिक्रिया होते आणि जेमतेम मायक्रॉनभर आकाराचे घन कण तयार होतात. जागा धुऊनपुसून काढली तरी त्यातले काही मागे राहतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक 10 बाय 10 सेंटिमीटरच्या सुती फडक्याने पृष्ठभाग पुसून घेतात, ते याच कणांसाठी. फडके आधीपासून स्वच्छ कक्षात बांधलेले असते आणि हातात मोज्यांच्या दोन जोड्या असतात, कारण आधीच्या ठिकाणचा एक कण जरी सोबत आला, तरी एखाद्या देशावर नाहक संशय येऊ शकतो.

अख्खे फडके विरघळवून मोजता येते, पण त्यात नेमकी हवी ती गोष्ट बुडते. समजा, फडक्यावर नैसर्गिक युरेनियमचे 1,000 कण आहेत (त्यात युरेनियम-235 या विखंडनक्षम प्रकाराचे प्रमाण 0.72 टक्के) आणि तेवढ्याच आकाराचा 90 टक्क्यांचा, म्हणजे अण्वस्त्राच्या दर्जाचा, एकच कण आहे. सरासरी येईल 0.81 टक्के. एवढ्यावरून 90 टक्क्यांच्या मालाचा कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून कण सुटासुटा मोजायचा.

त्यासाठी फडक्यावरची धूळ हवेच्या झोताने ओढून 25 मिलिमीटरच्या कार्बनच्या चकतीवर बसवतात. ही चकती निर्वात कक्षात जाते. ऑक्सिजनच्या आयनांचा झोत तिच्यावरून फिरवला, की कणांतून युरेनियमचे आयन उडतात; चुंबक त्यांना वस्तुमानानुसार वेगळे करतो आणि शोधक ते एकेक करून मोजतो. आधी चकतीचा नकाशा तयार होतो, मग निवडक कणांवर झोत रोखतात.

मोजायला माल किती? 1 मायक्रॉन व्यासाच्या युरेनियम डायऑक्साइडच्या कणात सुमारे 5 पिकोग्रॅम युरेनियम, म्हणजे साधारण 1,300 कोटी अणू. ऐकायला भरपूर वाटते. पण नैसर्गिक युरेनियमच्या कणात युरेनियम-234 या दुर्मिळ प्रकाराचे अणू फक्त 7 लाखांच्या आसपास असतात. कण संपेपर्यंत झोत मारून त्यातला 1 टक्का जरी शोधकापर्यंत पोहोचला, तरी मोजणी होते 7,000, आणि केवळ योगायोगाने येणारी अनिश्चितता 1.2 टक्के. व्यास निम्मा झाला की वस्तुमान आठपटीने घटते आणि हीच अनिश्चितता 3.4 टक्क्यांवर जाते. यंत्र कितीही चांगले असले, तरी नसलेले अणू ते मोजू शकत नाही.

खरी डोकेदुखी तोतया आयनांची. शिसे-208 आणि ॲल्युमिनियम-27 जोडीने उडाले, तर त्यांचे वस्तुमान 235 च्या जागी येते. फरक असतो 0.09 एककाइतका. छोट्या यंत्रात तो वेगळा काढायला गेलो, तर बरेचसे आयनच गमवावे लागतात. व्हिएन्नाजवळ सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत 2011 मध्ये मोठ्या चुंबकाचे यंत्र बसवले गेले, ते मुख्यतः यासाठी. युरेनियम-236 चे दुखणे मात्र त्यानेही जात नाही: युरेनियम-235 ला हायड्रोजन चिकटला की तो 236 वरच दिसतो. म्हणून 239 वर युरेनियम-238 चे हायड्राइड (हायड्रोजन चिकटलेला 238) मोजून तेवढा वाटा वजा करतात. कण 90 टक्क्यांचा असेल तर त्यात 238 च कमी, त्यामुळे ही वजाबाकीही डळमळीत होते. आणि 236 हवाच असतो, कारण तो सापडणे म्हणजे त्या मालात अणुभट्टीतून जाऊन आलेले युरेनियम मिसळले असल्याची खूण.

आणखी एक फसगत शेजारच्या कणाची. नैसर्गिक आणि 90 टक्क्यांचा असे दोन सारखे कण चिकटून बसले, तर यंत्र 45 टक्के दाखवेल. प्रत्यक्षात त्या जागी असे युरेनियम नसतेच. संशय आला, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुईने कण उचलून वेगळा करतात आणि पुन्हा मोजतात.

एवढे करूनही युरेनियमच्या प्रकारांचे गुणोत्तर सांगते ते माल कसला आहे, तो तिथे कसा आला हे नव्हे. 2003 मध्ये इराणमध्ये नतान्झच्या समृद्धीकरण केंद्रात आणि तेहरानच्या कलाये इलेक्ट्रिक या कंपनीच्या कार्यशाळेत अतिसमृद्ध (235 चे प्रमाण खूप वाढवलेल्या) युरेनियमचे कण सापडले. परदेशातून आलेल्या सेंट्रीफ्यूजच्या भागांवरून ते आले, असे इराणचे म्हणणे होते. 2005 मध्ये पाकिस्तानने दिलेल्या भागांवरचे कण तपासले, तेव्हा अतिसमृद्ध कणांपैकी बहुतेकांच्या बाबतीत या म्हणण्याला पुष्टी मिळाली.