कार्ड-शुल्क नियमन आणि पुण्यातील लहान व्यापारी

कार्ड स्वाइप झाल्यावर दुकानदाराच्या रकमेतून जी टक्केवारी कापली जाते तिला मर्चंट डिस्काउंट रेट म्हणतात. बाजारात सगळे एमडीआरच म्हणतात. ही कपात ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानात मशीन बसवणारी बँक आणि मधले कार्ड-जाळे (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) यांच्यात वाटली जाते. मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. तो म्हणजे इंटरचेंज. या बँकेशी दुकानदाराची कधी गाठही पडत नाही, मग दराची घासाघीस तो करणार कोणाशी? म्हणूनच दराला कायद्याची मर्यादा हवी, ही त्याची मागणी रास्त ठरते.

भारतात रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये डेबिट कार्डावरील एमडीआरला पहिली मर्यादा घातली : २,००० रुपयांपर्यंत ०.७५ टक्के, त्यावर १ टक्का. १ जानेवारी २०१८ पासून निकष बदलला. बिलाच्या रकमेऐवजी दुकानाची वार्षिक उलाढाल पाहिली जाऊ लागली. २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला मशीनवर ०.४० टक्के, त्याहून मोठ्याला ०.९० टक्के. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील एमडीआर शून्य झाला. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डावरील इंटरचेंजही ०.३ टक्क्यांवर रोखले. अमेरिकेत इंटरचेंजला मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या डर्बिन दुरुस्तीचा रोख डेबिट कार्डापुरताच राहिला.

लक्ष्मी रस्त्यावरच्या गल्ल्यावर हा फरक कसा दिसतो? साडीचे बिल १०,००० रुपये. गिऱ्हाइकाने यूपीआयने किंवा रुपे डेबिट कार्डाने पैसे दिले तर दुकानदाराला पूर्ण दहा हजार मिळतात. दुसऱ्या जाळ्याच्या डेबिट कार्डावर ०.९० टक्के धरले तर ९० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०६ रुपये २० पैसे जातात. क्रेडिट कार्डाचा दर २ टक्के असेल तर २३६ रुपये. साडी तीच, गिऱ्हाईक तेच. पाकिटातून कोणते कार्ड निघते त्यावर नफा ठरतो. जीएसटी कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत) असलेल्या दुकानदाराला तर या करातले काही परतही मिळत नाही. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड-बिलावर हा जीएसटी लागत नाही, एवढाच दिलासा.

माझ्या मते खरी अडचण ‘लहान’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. २० लाख म्हणजे रोजची साधारण साडेपाच हजारांची विक्री. पेठेतले चालते किराणा दुकान ती सहज ओलांडते आणि नियमाच्या लेखी ‘मोठे’ होते. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे. तेल, साखर, डाळीवर सुटणारे मार्जिन इतके बारीक असते की एखाद-दुसरा टक्का गेला तरी दुकानदाराच्या हाती फारसे उरत नाही. एकच टक्केवारी तुळशीबागेतल्या इमिटेशन दागिन्यांवर वेगळी बसते आणि साखरेवर वेगळी.

पेट्रोल पंपांच्या बाबतीत हे सरकारलाही पटले. पंपचालकाला लिटरमागे ठरलेले कमिशन मिळते. जानेवारी २०१७ मध्ये बँकांनी १ टक्का आकारायचे ठरवल्यावर पंपचालकांनी कार्ड न घेण्याचा इशारा दिला. आकारणी पुढे ढकलली गेली आणि हा भार ग्राहक वा पंपचालकावर पडणार नाही असे सरकारने जाहीर केले. किराणा दुकानदाराचे गणितही असेच आहे, पण तो विखुरलेला आहे. पुण्यात घाऊक भुसार बाजाराचे पूना मर्चंट्स चेंबर आणि १९३४ पासूनचे उद्योग-व्यापाराचे मराठा चेंबर या संघटना आहेत. गल्लीतला दुकानदार अनेकदा कशाचाच सभासद नसतो.

मग तो ‘कार्डावर दोन टक्के जास्त पडतील’ असे गिऱ्हाइकाला सांगतो. डेबिट कार्डावर असे जादा पैसे घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. गिऱ्हाईक चिडते तेही बरोबरच. पण दराची मर्यादा वरूनच घातली गेली तर हा वाद काउंटरवर येणारच नाही.

आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. लहान व्यापाऱ्याला अशा व्यवहारात २,००० रुपयांपर्यंत एमडीआर नाही, त्यापुढे लागू होतो. भिंतीवरचा क्यूआर मात्र तोच असतो. साउंडबॉक्स पूर्ण रक्कम बोलतो, आणि कपात झाल्याचे खात्यात जमा झालेला आकडा पाहिल्यावर कळते.