कळतंय, पण येत नाही

लातूरच्या एका अभ्यासिकेत बसून माझा भाचा बँकेच्या परीक्षांची तयारी करतो. इंग्रजी सुधारावं म्हणून गेले काही महिने तो रोज इंग्रजीतली भाषणं ऐकतो. सवयी कशा लावाव्यात, आळस कसा घालवावा, पहाटे पाचला का उठावं, असले विषय. (स्वतः उठतो साडेसातला.) मागे अहमदपूरहून येताना एसटीत त्याच्या इअरफोनचं एक टोक मी माझ्या कानात घातलं. वक्त्याच्या तोंडी दर दोन वाक्यांआड 'प्रोक्रॅस्टिनेशन' येत होतं.

"म्हणजे काय रे?"

"मामा, कळलालंय की मला समदं."

"सांग मग."

चाकूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तो खोटं बोलत नव्हता. वाक्याच्या ओघात त्याला ते खरंच कळत होतं. पण शब्द समोर आल्यावर ओळखणं आणि तोच शब्द आपल्या मनातून वर काढणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. गावातला माणूस बाजारात दिसला की आपण ओळखतो, पण त्याचं नाव ओठावर येत नाही, तसंच हे.

शब्द शिकायला ही भाषणं मुळात वाईट नाहीत. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञानं २००६ साली हिशेब मांडला होता: बोललेल्या इंग्रजीतले शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असायला हवे असतील, तर सहा ते सात हजार शब्दकुळं यावी लागतात. 'डिसाइड', 'डिसीजन', 'डिसायसिव्ह' हे सगळं मिळून एक कूळ. वक्ता मिनिटाला साधारण १५० शब्द बोलतो असं धरलं, तर ९८ टक्के येत असूनही मिनिटाला तीन शब्द निसटतात. ९५ टक्केच येत असतील, तर दर आठ सेकंदांना एक. तो काय होता याचा विचार करेपर्यंत पुढचा येतो.

आत्मसुधारणेच्या भाषणात हा मार हलका होतो, कारण विषय एकच असतो. सवय, शिस्त, ध्येय, अपयश, लक्ष, वेळ. तेच पन्नास-साठ शब्द वेगवेगळ्या कपड्यांत परत परत येतात. आपल्याकडे कीर्तनात हेच होतं. बुवा एक अभंग घेतात, दोन तास त्याच्याभोवती फिरतात, दृष्टांत देतात आणि पुन्हा त्याच चरणावर येतात. फरक एवढाच की कीर्तनात बुवा मध्येच थांबतात आणि चरण पुरा करायचं काम समोरच्यांवर सोडतात. मोबाइलमधला वक्ता थांबत नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

२००८ साली जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थासह शिकायला दिले. एखादा शब्द एकदा बरोबर सांगता आला की काहींना तो फक्त पुन्हा पुन्हा वाचायला मिळायचा, विचारला जायचा नाही. इतरांना तो विचारला जातच राहायचा. आठवड्यानं परीक्षा घेतली. विचारणा चालू राहिलेल्यांना ८० टक्क्यांच्या आसपास शब्द आठवले, नुसतं वाचत राहिलेल्यांना ३६ टक्के. मला गंमत वाटते ती पुढची. आपल्याला किती आठवतील असं आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्यांनी निम्म्याच्या आसपासचाच अंदाज दिला होता. कोणती पद्धत कामाची, हे शिकणाऱ्याला आतून जाणवत नाही.

उलट, बोलणारा छान असला की फसगत वाढते. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी एक छोटा धडा दोन प्रकारे चित्रित केला: तिरंगी मांजरं जवळजवळ नेहमी माद्याच का असतात? एकात बोलणारी ताठ उभी, नजरेला नजर देऊन अस्खलित बोलते. दुसऱ्यात वाकून, कागदात बघत, अडखळत. अस्खलित धडा ऐकणाऱ्यांना आपल्याला बरंच जास्त आठवेल असं वाटलं. प्रत्यक्षात दोघांनाही जवळपास सारखंच आठवलं. प्रेरणादायी वक्त्याचं तर सगळं कसब अस्खलितपणातच असतं! भाषण संपलं की छाती भरून येते, आणि तीच भावना आपण 'शिकलो' म्हणून खात्यावर जमा करतो.

म्हणून भाच्याला एवढंच सांगितलं, की दर चार-पाच मिनिटांनी भाषण थांबव, स्क्रीन उलटी ठेव आणि आठवतील ते शब्द वहीत लिही. अडलं तर आधी डोकं खाजव, मग शब्दकोश बघ. तेच शब्द उद्या, मग चार दिवसांनी स्वतःला विचार. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की विसरण्याची मोठी पडझड पहिल्या दिवसातच होते आणि पुढे तिचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर लागते, पुढच्या लांबवता येतात.

शब्दाला एखादी खुंटी सापडली तर तो लवकर टांगला जातो. 'प्रोक्रॅस्टिनेशन'च्या पोटात लॅटिनमधला 'क्रास' आहे, म्हणजे उद्या. काम उद्यावर ढकलायचं, आपली चालढकल. 'ग्रिट' म्हणजे चिकाटी, पण मुळात खरखरीत वाळू. इंग्रजीला न हटणारा माणूस वाळूसारखा दिसला. आपल्या 'चिकाटी'त तो चिकटून बसलेला ऐकू येतो.

परवा त्याचा फोन आला. "मामा, 'रेझिलियन्स'ला मराठीत काय म्हणावं? शब्दकोशात लवचिकता दिलंय, पण ती तर रबराची असती." मी सांगितलं, मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे मागे उसळी घेणं. दाबलं तरी पुन्हा उभं राहणं. तो थोडा वेळ गप्प होता.

"म्हंजे मांजरा नदीच्या काठचा लव्हाळा की. पूर येऊन गेला की परत उभा."

शब्दकोशाच्या समासात मी ते पेन्सिलीनं लिहून ठेवलं.