होमर-मार्जचा संसार आणि सरकत जाणारी वर्षं

टीव्ही बिघडतो आणि सिम्पसनांच्या घरात एकदम शांतता पसरते. आता करायचं काय, हे मुलांना सुचेना. मग मार्ज त्यांना आपली आणि होमरची पहिली गाठ कशी पडली ते सांगायला बसते. दिवे गेलेल्या रात्री आईकडून तिच्या लग्नाची गोष्ट ऐकलेल्या कुणालाही ही बैठक ओळखीची वाटेल. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी ॲनिमेटेड मालिकेचा ‘द वे वी वॉज’ हा भाग अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ३१ जानेवारी १९९१ रोजी दाखवला गेला. भूतकाळात जाणारा हा मालिकेतला पहिला भाग. पुढे होमर-मार्जच्या भूतकाळात भर पडत गेली, तो बदलला, आणि एकदा तर त्यातली काही वर्षं सरळ पुसून टाकली गेली.

याच्या तीस वर्षं आधी, १९६० साली, एबीसी वाहिनीवर ‘द फ्लिन्टस्टोन्स’ सुरू झाली होती. रात्रीच्या मुख्य वेळेतली ही पहिली ॲनिमेटेड सिटकॉम. फ्रेड आणि विल्मा भांडत, समेट करत, १९६३ मध्ये त्यांना पेबल्स ही मुलगीही झाली. पण भर असायचा तो त्या आठवड्याच्या भानगडीवर. ही दोघं एकमेकांशी का बांधलेली आहेत, हा प्रश्न तिथे फारसा पुढे येत नसे.

‘सिम्पसन्स’मध्ये तो आला याला कारणं आहेत. मालिकेचा जनक मॅट ग्रोनिंगने या जोडप्याला आपल्या आईवडिलांची नावं दिली होती, होमर आणि मार्गारेट. १९ एप्रिल १९८७ पासून ‘द ट्रेसी उलमन शो’मध्ये ही मंडळी छोट्या छोट्या चित्रफितींतून दिसू लागली, आणि त्याच कार्यक्रमातले दोन नट, डॅन कॅस्टेलानेटा आणि जूली कॅव्हनर, त्यांचे आवाज झाले. डिसेंबर १९८९ मध्ये अर्ध्या तासाची मालिका उभी राहिली तेव्हा ग्रोनिंगबरोबर जेम्स एल. ब्रूक्स आणि सॅम सायमन होते. ब्रूक्स ‘मेरी टायलर मूर शो’ आणि ‘टॅक्सी’ या मालिका घडवून आलेला माणूस. कार्टून असलं तरी माणसांची दुःखं खरी हवीत, हा त्याचा आग्रह या भूतकाळाच्या भागांत सगळ्यात स्पष्ट दिसतो.

मार्जच्या गोष्टीत साल आहे १९७४, हायस्कूलचं शेवटचं वर्ष. होमर सिगारेट ओढताना सापडला म्हणून त्याला शाळेनंतर थांबण्याची शिक्षा. मार्जला शिक्षा स्त्रीमुक्तीच्या सभेत ब्रा जाळली म्हणून. दोघं एका वर्गात येतात ती अशी. तिच्या जवळ राहायला मिळावं म्हणून होमर वादविवाद मंडळात घुसतो, फ्रेंच शिकवशील का असं विचारतो. ती शिकवतेही. मग कळतं की त्याचा फ्रेंच विषयच नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा असताना तिची रात्र वाया गेली आहे. ती चिडते ते योग्यच आहे. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या नृत्यसमारंभाला, ती हुशार आर्टी झिफबरोबर जाते. होमर एकटा जातो आणि एकटाच पायी घरी निघतो.

माझ्या मते सगळा भाग या चालण्यावर तोलला आहे. आर्टीने अंगचटीला येऊन मार्जचा ड्रेस फाडला आहे, तिने त्याला थोबाडीत मारली आहे. आर्टीच्या गाडीतून परतताना तिला रस्त्याकडेने चालणारा होमर दिसतो. ती घरी पोचते, स्वतःची गाडी काढते आणि त्याला घ्यायला परत येते. होमरने तिच्यासाठी आणलेल्या फुलाने ड्रेसचा फाटका पट्टा सावरला जातो. बुद्धी, पैसा, भविष्य, सगळं आर्टीकडे होतं. मार्जने निवड केली ती डोळे उघडे ठेवून.

हा भाग ॲल जीन, माइक रीस आणि सायमन यांनी लिहिला, दिग्दर्शन डेव्हिड सिल्व्हरमनचं. सायमनचा जन्म १९५५ चा. म्हणजे १९७४ मध्ये तो स्वतः होमर-मार्जच्या वयाचा होता. कार्पेन्टर्स या बँडचं गाणं, गाड्या, केसांची ठेवण हे सगळं त्यात इतकं घट्ट बसलं आहे याचं नवल वाटत नाही. आणि वयाचा हिशोबही तेव्हा चोख जुळत होता: १९७४ मध्ये अठराच्या आसपास, तर १९९१ मध्ये पस्तिशीचे.

त्याच वर्षी, २६ डिसेंबर १९९१ ला, ‘आय मॅरिड मार्ज’ आला. लेखक जेफ मार्टिन. आता साल १९८०. मार्जला दिवस गेले आहेत, थोरला मुलगा बार्ट पोटात आहे. होमर मिनी गोल्फच्या मैदानावर नोकरी करतो, पगार तुटपुंजा. दोघं राज्याच्या सीमेपलीकडच्या एका सवंग विवाहगृहात लग्न उरकतात आणि मार्जच्या आईकडे राहतात. हप्ते थकतात, बाळाच्या वस्तू परत नेल्या जातात, तिच्या बोटातली अंगठीसुद्धा. लाजेने होमर चिठ्ठी ठेवून रात्री निघून जातो. मार्ज त्याला शोधून काढते ती एका हलक्या खाद्यगृहाच्या खिडकीत काम करताना. अंगठी नाही म्हणून तो तिच्या बोटात तळलेली कांद्याची चकती घालतो, आणि तेल गरम असल्याने तिचं बोट भाजतं. प्रेमात पडण्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. पैसे नसताना संसार कसा उभा राहिला हे इतक्या सरळपणे सांगणारी गोष्ट मला टीव्हीवर क्वचितच दिसली आहे. अणुवीज केंद्रातली होमरची नोकरी, ज्यावर पुढे शेकडो भाग बेतले गेले, ती मिळाली या गरजेतून.

डिसेंबर १९९२ मध्ये त्यांच्या मुलीच्या, लिसाच्या, जन्माची गोष्ट आली. १ डिसेंबर १९९६ च्या ‘अ मिलहाउस डिव्हायडेड’मध्ये शेजारच्या जोडप्याचा घटस्फोट बघून होमर घाबरतो आणि आपलं ते घाईतलं लग्न विसरून जावं म्हणून मार्जशी नव्याने लग्न करतो. या दोन भागांच्या मध्ये, २२ जानेवारी १९९५ ला, जेनिफर क्रिटेंडनने लिहिलेला ‘अँड मॅगी मेक्स थ्री’ येऊन गेला. कर्ज फिटल्यावर होमरने नोकरी सोडून आवडत्या बोलिंगच्या अड्ड्यावर काम धरलं होतं. मग तिसऱ्या मुलाची, मॅगीची, चाहूल लागते, पैसा पुरेना होतो, आणि त्याला मालकापुढे गुडघे टेकून परत जावं लागतं. ‘तू इथे कायमचा आहेस’ अशी पाटी मालक त्याच्या समोर लावतो. अल्बममध्ये मॅगीचे फोटो का नाहीत, या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे: होमरने ते त्या पाटीवर असे चिकटवले आहेत की उरलेल्या अक्षरांतून ‘तिच्यासाठी कर’ एवढंच वाचता येतं.

अडचण होती ती वयाची. मालिकेत कुणी मोठं होत नाही. २००८ मध्येही बार्ट दहाचाच, आणि १९८० चा जन्म धरला तर तो अठ्ठावीसचा हवा. २७ जानेवारी २००८ च्या ‘दॅट नाइन्टीज शो’ने यावर एक धाडसी तोडगा काढला. होमर-मार्जचं तरुणपण उचलून १९९० च्या दशकात ठेवलं: मार्ज विद्यापीठात, तिची फी भरायला होमर राबतो, ती प्राध्यापकाकडे ओढली जाते आणि तो ग्रंज, म्हणजे त्या दशकातल्या खरखरीत रॉकचा, बँड काढतो. लेखक मॅट सेलमन १९७१ चा. सायमनने आपलं तरुणपण त्यांना दिलं होतं, सेलमनने आपलं दिलं. पण जुने प्रेक्षक दुखावले, आणि त्यांचं दुखावणं मला पटतं. ज्यांचं वय वाढत नाही अशा जोडप्यासाठी काळ फक्त आठवणीत सरकतो. आठवणीच बदलल्या तर १९८० ची ती भाजणारी चकती कुणाच्या बोटात होती?

१८ मे २०२५ च्या ‘एस्ट्रेंजर थिंग्ज’ या भागात काळ उलट दिशेने गेला. पस्तीस वर्षांनंतरचं दृश्य दाखवताना मार्जचं निधन झालेलं दाखवलं आणि जगभर बातम्या झाल्या. भविष्याचे हे सगळे भाग नुसते कल्पनेचे खेळ असतात, पुढच्या हंगामात ती जशी होती तशीच असते. तरीही इतक्या लोकांना धक्का बसला.

या जोडप्याचं खरोखर वाढलेलं वय ऐकू मात्र येतं. १९८७ मध्ये कॅव्हनर छत्तीसची होती, जवळजवळ मार्जच्याच वयाची. आता ती पंचाहत्तरीची आहे आणि मार्जचा आवाज अजून तीच देते. १९९१ चा तो भाग लावून पाहिला तर शाळकरी मार्जचा आवाज हलका, मोकळा ऐकू येतो. त्यालाच लागून आजचा एखादा भाग ऐकला की त्या खरखरीत मधली सगळी वर्षं कळतात.